माझ्या चोवीस भाकऱ्या

बुधवार, ९ फेब्रुवारी २००५

काल महिला मंडळाच्या सभेत मी जरा जास्तच बोलले. आजपासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला.

गेल्या महिन्यात सासूबाई बारा दिवस सरकारी दवाखान्यात होत्या. तिथे रोग्याला जेवण मिळतं, रोग्याजवळ बसलेल्या माणसाला मिळत नाही. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडची ही माणसं. महिना महिना व्हरांड्यात काढतात आणि रोग्याच्या ताटात काही उरलं तर खातात. बारा दिवस मी पिशवीतला डबा पदराखाली धरून त्यांच्यासमोरून गेले. ते मनातून जात नव्हतं. म्हणून मंडळात मांडलं की प्रत्येक घराने रोज दोन भाकऱ्या जास्त कराव्यात, दहापर्यंत चर्चमध्ये टोपलीत आणून ठेवाव्यात. अकराला मी त्या नेऊन वाटीन. चर्चपासून दवाखाना पाच मिनिटांवर आहे आणि माझी शाळा दुपारची.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे उत्साहाच्या भरात म्हणाले, यादी करायची नाही, कोणाकडे मागायचं नाही, कमी पडल्या तर विकत आणायचं नाही. देव पाठवील तेवढंच. प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची मागतो, महिन्याची नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "आणि नाही आल्या तर?"

"येतील," मी म्हणाले.

चर्चची झाडलोट करणाऱ्या शालूबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "देव देतोय खरं, तवा तापवाय कुणीतरी लागतंय की वो बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यापासून मात्र एकच प्रश्न छळतो आहे. ते मी विश्वासाने बोलले, की चारचौघींना माझा विश्वास दिसावा म्हणून?

गुरुवार, १० फेब्रुवारी

एकसष्ट! वर लसणाची चटणी, खरडा, एका घरची भरली वांगी. टोपली शालूबाईंनी आणि मी दोन बाजूंनी धरून नेली.

व्हरांड्यात डोक्यावर टॉवेल घेतलेले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कोन पार्टी?"

"पार्टी नाही आजोबा, चर्चमधून आलोय."

"म्हंजे विलेक्शन न्हाय," ते खट्टू होऊन म्हणाले. "लुगडी-बिगडी न्हाईत म्हणा."

त्यांच्या शेजारची बाई मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होती. बायडाबाई. मलकापूरच्या पलीकडच्या वाडीची. नवरा दादासो फणसाच्या झाडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून ठेवलंय, अजून महिना तरी तसंच राहायचं.

"जय भीम, बाई," ती म्हणाली. "भाकरी खाल्ली की चर्चला याय लागतंय का?"

"नाही."

"नाव लिवून घेणार?"

"नाही."

"मंग चटणी वाडा अजून."

एकेचाळीस माणसं जेवली. उरलेल्या भाकऱ्या त्यांनीच संध्याकाळसाठी बांधून घेतल्या. शाळेत नववीला वर्गसमीकरणं शिकवताना मी मध्येच हसत होते, असं मुलींनी सांगितलं.

सोमवार, १४ फेब्रुवारी

सत्तेचाळीस. काल आम्ही गेलो नव्हतो. आज बायडाबाई म्हणाली, "ऐतवारी पोटाला सुट्टी असती व्हय तुमच्यात?" आता रविवारीही उपासनेनंतर जायचं.

शनिवारी एकावन्न होत्या, आज सत्तेचाळीस. चार कमी. दिवसभर ते चार डोक्यात घोळत होते. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो, यावर चर्चच्या याच मंडळीत मी तीन वेळा बोलले आहे. पाखरांना आकडे येत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

अडतीस भाकऱ्या, चव्वेचाळीस माणसं.

शालूबाई अर्ध्या अर्ध्या द्यायला लागल्या, तरी शेवटी तिघं राहिले. टॉवेलवाल्या आजोबांनी समोर पसरलेलं फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "उद्या बगू." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. वडील सुवार्तिक होते, गावोगाव प्रभूचा संदेश सांगत फिरणारे. घरात पीठ संपलं की ते गुडघ्यावर बसायचे आणि आई मागच्या दाराने शेजारी जायची. पीठ आलं की वडील म्हणायचे, बघ, देवाने दिलं. आई काही बोलायची नाही. मला ती लाजिरवाणी वाटायची. माझ्या घरात मागच्या दाराने कोणी जाणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

पण मीही या मंडळीतलीच आहे. मी दोनाऐवजी जास्त केल्या तर त्यात मागणं कुठे आलं?

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

पहाटे साडेचारला उठून चोवीस केल्या. हे रात्रपाळीवर होते. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून त्यांची बस सातला येते, तोवर परात धुऊन ठेवली.

साडेनऊला चर्चमध्ये कोणी नसताना टोपलीत ठेवल्या. आठ पांढऱ्या फडक्यात, आठ चौकड्याच्या पंच्यात आणि आठ जुन्या ओढणीत. तीन घरच्या वाटाव्यात म्हणून. हे आत्ता लिहिलं तेव्हाच पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. दान उजव्या हाताने करावं, डाव्याला कळू नये, असं शिकलो आहोत. पण ते असं, फडकी बदलून?

सगळे जेवले.

रविवार, २० फेब्रुवारी

पाळकसाहेबांनी उपदेशात टोपलीचा उल्लेख केला. "कोणाकडे मागितलं नाही, यादी केली नाही, तरी टोपली एकदाही रिती झाली नाही." मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली. मीही म्हणाले, कदाचित सगळ्यांत मोठ्याने.

बाहेर पडताना सुमतीबाई सोनुलेंनी माझा हात हातात घेतला. त्या मंडळाच्या खजिनदार, रोज दोनाऐवजी चार भाकऱ्या आणणाऱ्या. "तिवडेबाई, तुमचा विश्वास मोठा. आम्ही आपल्या मनातून भीत होतो."

मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

विचित्र आहे. मी चोवीस घालते तरी टोपली काठोकाठच भरते, वर जात नाही. आज इतरांच्या फक्त बावीस. गेल्या आठवड्यात अडतीस होत्या. दाविद राजाने लोकांची मोजदाद केली तेव्हा देव रागावला होता. मी भाकऱ्या मोजते म्हणून तो त्या काढून घेतो आहे का?

सुमतीबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "चार दिवस झाले, मला काही जमलं नाही हो भाकरीचं. पण पुरतात ना तशाही? मी बघते की रोज, टोपली भरलेली असते."

पुरतात, म्हणाले. उद्यापासून अठ्ठावीस कराव्या लागतील.

सोमवार, २८ फेब्रुवारी

हे लिहू की नको, अशी दोन दिवस घालमेल होती. लिहिते.

पिठाचा डबा संपत नाही.

रोज अठ्ठावीस भाकऱ्या म्हणजे दीड किलोच्या वर पीठ. आमचा डबा दहा किलोचा. घरचं जेवण धरून दहा दिवसांत तो दोनदा तळाला जायला हवा होता. शनिवारी मी तो जवळजवळ रिकामा बघितला होता, अशी माझी खात्री आहे. आज झाकण काढलं तर अर्ध्यापर्यंत पीठ. बायबलमधल्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरलं नव्हतं, ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत पोरांना किती वेळा सांगितली असेल. आज त्या डब्यासमोर उभी राहिले आणि आनंद नाही, भीती वाटली. ज्या कामात मी खोटेपणा केला त्या कामावर देव अशी मोहर लावेल का? माझी नजर चुकली असेल, हेच खरं असावं. मी बी.एस्सी. आहे, गणित शिकवते.

यांना विचारावं तर सगळंच सांगावं लागेल. ते आज पाळीवरून उशिरा आले, तेही दमून. शर्टाच्या बाहीला पांढरं लागलं होतं. कारखान्यात रंगकाम चाललं असावं.

गुरुवार, ३ मार्च

बत्तीस. इतरांच्या पंधरा.

वीज पाच पाच तास जाते. पहाटे चिमणीच्या उजेडात थापते. आज आठवीच्या वर्गात फळ्यावर सात चोक छत्तीस लिहिलं आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मुख्याध्यापिका दारातून बघून गेल्या.

सकाळची प्रार्थना पाच दिवसांत झालेली नाही. वेळच नसतो.

शनिवार, ५ मार्च

वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शाळूची ज्वारी डब्यात घेऊन मी स्वतःच गिरणीवर गेले. तिथे बाकड्यावर डबा पायांत धरून हे बसले होते.

मी काही बोलायच्या आत गिरणीवाला गुंडू ओरडला, "या बाई! सायेब दर चौथ्या दिवशी येत्यात. घरात लगीन काडलंय काय?"

आम्ही दोघं डबे घेऊन घरी निघालो. बिंदू चौकात मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. पाळीवरनं आलो तर तवा गरम होता. सकाळी सातला कोण भाकरी खातंय आपल्यात?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, बाईचं आणि देवाचं काहीतरी चाललंय, मी कशाला मध्ये? पीठ तेवढं भरत राहिलो." मग थोडं चालून म्हणाले, "खरं, एक सांगू? देवाला काय तुझ्या भाकरीचा टेकू लागतोय व्हय? टोपली भरलेली दिसल्यावर कोण कशाला आणंल? मी तरी आणली नसती."

मी रागावले. म्हणाले, उपाशी माणसांपुढे उभं राहून बघा आणि मग बोला. त्यांनी माझ्या हातातला डबाही घेतला आणि पुढे चालायला लागले.

मला कसला राग आला होता? ते चूक बोलले याचा, की डब्यात चमत्कार नव्हता याचा?

मंगळवार, ८ मार्च

आज इतरांच्या बारा. माझ्या चौतीस.

तासाला मुलींना गणितं सोडवायला दिली आणि वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने काढले. एकात माझ्या भाकऱ्या, दुसऱ्यात मंडळीच्या. एकोणीस दिवस. बेरीज मध्ये वाढली तरी दर वेळी फिरून पंचेचाळीस ते सत्तेचाळीसवरच. माझा आकडा वाढला की पाचसहा दिवसांत त्यांचा उतरला. आधी माझा वाढला आहे, मग त्यांचा उतरला आहे. एकदाही उलट नाही.

कोणी कंजूषपणा केला नाही. टोपली भरलेली बघून माणसं निर्धास्त झाली. अडतीसवरून बारा; मंडळीच्या रोजच्या सव्वीस भाकऱ्या मी खाल्ल्या, असंच म्हणायला हवं. हे बरोबर बोलले होते, आणि सुमतीबाईंनी तर रस्त्यात उभं राहून मला सरळ सांगितलं होतं.

आता काय करायचं? सभेत उभं राहून सांगितलं, तर ते मागणंच झालं. न सांगता थांबले, तर पहिल्या दिवशी तीसएक माणसं उपाशी राहतील. ती काही माझ्या प्रयोगाची साधनं नाहीत. रोज पहाटे उठत राहिले, तर पुढच्या महिन्यात सगळ्या सेहेचाळीस माझ्याच असतील, आणि मंडळी देवाचे आभार मानत राहील.

उद्या करायच्या नाहीत.

बुधवार, ९ मार्च

केल्या. डोळा उघडला तेव्हा हात पिठात होते. चौतीस.

गुरुवार, १० मार्च

साडेचारला जाग आली. उठले नाही. हात मांड्यांखाली दाबून पलंगावर बसून राहिले. हे जागे होते. म्हणाले, "चहा करू का?" मी नको म्हणाले. प्रार्थना करायची होती पण फक्त आकडे सुचत होते.

दहाला टोपलीत नऊ भाकऱ्या.

मी शालूबाईंना म्हणाले, आज जाऊच नये. चर्चसमोर बेकरी आहे. पावाच्या चार लाद्या घेतल्या की निभलं असतं. पर्स उघडलीही होती. शालूबाई टोपलीचा एक कान धरून उभ्याच होत्या. "न्हाय गेलो तर ती वाट बगत बसतील की. नऊ तर नऊ, सांगाय तरी जाया पायजे."

व्हरांड्यात सगळे रांगेने बसले होते. फडकी पसरून. मी टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "आज नऊच भाकऱ्या आहेत. चूक माझी आहे."

मग टॉवेलवाले आजोबा म्हणाले, "रोज येताय म्हणून आमी वाट बगत बसलो की वो. सकाळीच सांगितलं असतं तर कुटंतरी भाताबिताचं बगितलं असतं."

"गप वो आण्णा," बायडाबाई उठली. तिने टोपलीतून दोन भाकऱ्या घेऊन भिंतीकडच्या जरीनाच्या फडक्यात टाकल्या. जरीनाच्या आईला अर्धांगवायू झालाय, तीन आठवडे ही पोरगी तिथे आहे आणि मी तिच्याशी 'घे' याशिवाय एक शब्द बोललेली नाही. "हिनं कालपास्नं कायबी खाल्लं न्हाय. बाकीच्या सातांचं तुमचं तुमी बगा. आन् बाई, तुमास्नी एक इचारू? राग मानू नगासा."

"विचार."

"तुमच्या चर्चला चूल हाय का?"

"आहे. मागच्या अंगणात. सणाच्या जेवणाला लागते."

"तवा?"

"तीन आहेत."

"मंग आमी काय हात बांदून बसलोय व्हय?" तिने बाकाखालून पिशवी ओढली. आत फडक्यात बांधलेलं नाचणीचं पीठ होतं. "दीर दर बाजाराला यष्टीनं पाटवतोय. सोताला वाटतंय, वयनी उपाशी मरंल. खरं हितं भाजू कुटं? जाळ करू देत न्हाईत, आन् बरोबरच हाय त्यांचं, दवाखाना हाय. मागारी पाटवावं तर तो आनी रागावणार. किडं पडाय लागल्यात."

मी तिच्याकडे बघत राहिले. तोवर शेजारच्या बाकाखालून एक पिशवी निघाली. मग आणखी एक. शाळू, तांदळाचं पीठ, आजोबांच्या वळकटीतून चक्क दोन शेर जोंधळा. महिनाभर मी त्या पिशव्यांना पाय लागू नये म्हणून वाकडी होऊन चालत होते. कोणाकडे मागायचं नाही, हे मी इतकं मनावर घेतलं होतं की कोणाला काही विचारायचंही सोडून दिलं होतं.

"याआधी का नाही सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? येत हुता, वाटत हुता, पळत हुता."

पाळकसाहेबांकडे जाऊन मी मागच्या अंगणाची किल्ली मागितली. या कामात पहिल्यांदाच कोणाकडे काही मागितलं.

"किल्ली कसली?" ते म्हणाले. "तिथे कुलूपच नाही."

सहा बायका आल्या. शालूबाईंनी सरपण काढलं. चूल पेटेपर्यंत भांडण सुरू. नाचणीच्या भाकरीला पाणी गरम हवं की उकळतं? बायडाबाई म्हणे उकळतं, वडगावची एक बाई म्हणे, असल्या भाकरीने रोगी पळून जाईल. जरीना कोणाशी न बोलता एका कडेला थापत होती. तिची भाकरी पातळ आणि गोल, सगळ्याजणी हळूच तिच्याकडे बघून आपली नीट करत होत्या.

मीही बसले. दोन थापल्या असतील. बायडाबाईने माझी तव्यावरची भाकरी उचलून उन्हात धरली.

"ह्या व्हय त्या! एका अंगाला कडा फाटलेली आन् मदी आंगट्याचा खड्डा. बगा गं. तीन फडक्यांत बांदल्या तरी हात एकच की. आमी म्हणत हुतो, चर्चमदी एकच बाई रांधती काय!"

सगळ्या खो खो हसल्या. शालूबाई तर चुलीपाशी खालीच बसल्या. पाळकसाहेब दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं, जाळासमोर बसल्या बसल्या, सगळं. धुराने डोळ्यांत पाणी होतंच.

"रविवारी तुम्ही मंडळीला सांगाल?" ते म्हणाले.

शाळेची अर्धी रजा पडली.

रविवार, १३ मार्च

सांगितलं. मग सुमतीबाई उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तुमच्या भाकऱ्यांवर आमेन म्हटलं?"

"हो."

"आणि मला रस्त्यात पुरतात म्हणालात?"

"हो."

त्या बसल्या. गाणं सुरू झालं तरी माझ्याकडे बघितलं नाही. उपासनेनंतर मी अंगणात गेले तर त्या चुलीसमोर पदर खोचून बसलेल्या आणि बायडाबाई त्यांना सांगत होती, "तुमचा हात बरा हाय. त्या तिवडेबाईगत न्हाय." त्या हसल्या नाहीत. पण उठूनही गेल्या नाहीत.

आता यादी केली आहे. जळणाची पाळी कोणाची, भाजी कोणाची, पीठ कमी पडलं तर कोणाच्या दारी जायचं. मागायचं आहे, असं पाळकसाहेबांनी फळ्यावर लिहिलं आहे. आई मागच्या दाराने गेली तेव्हा वडिलांची प्रार्थना तिच्याबरोबर गेली होती का? की तिचं जाणं हीच प्रार्थना होती? वडील हयात असते तर विचारलं असतं. आईला विचारायला हवं होतं.

गुरुवार, १७ मार्च

दादासोच्या पायाचं वजन काढलं. बायडाबाई अजून दहा दिवस आहे. ती गेल्यावर चुलीपाशी हुकूम कोण सोडणार, याची मला आत्तापासून काळजी. हे म्हणाले, "तुझी काळजी पेन्शनीत काढली तरी ती घरी बसायची नाही."

आज पीठ कमी पडलं. शालूबाई चार घरी जाऊन घेऊन आल्या. माझ्या मनात आलं, हे देवाने दिलं की शालूबाईंनी? मग वाटलं, हा प्रश्न फक्त मलाच पडतो आहे. शालूबाई केव्हाच पीठ मळायला बसल्या होत्या.

मंगळवार, २२ मार्च

दहावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण लागलं, केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी दहाला हजर व्हायचं होतं. म्हणजे आज टोपली नाही, चूल नाही, काही नाही. मी नसताना पहिलाच दिवस.

निघताना शालूबाईंना निरोप द्यावा असं तीनदा वाटलं. जोंधळा संपत आलाय, जरीनाच्या आईला घरी सोडणार आहेत म्हणजे एक हात कमी, सुमतीबाईंच्या घरी पाहुणे आहेत. हे सगळं त्यांना माहीत आहे. गेले नाही.

तीन तास मुलं पेपर लिहीत होती आणि मी बाकांच्या रांगांतून फिरत होते. अकराला घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

परतताना केएमटीची बस दवाखान्यावरून येते. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसले होते, पण थांब्यावर बस उभी राहिली तशी उठून या बाजूला आले. व्हरांड्यात कोणी नव्हतं. अडीच वाजलेले. जेवून वॉर्डात गेले असतील, किंवा न जेवता गेले असतील. बाकांखाली पिशव्या होत्या की नाही ते दिसलं नाही. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं हाय काय बाई?" मी नाही म्हणाले. बस सुटली तरी मी मागे वळून बघत होते.

घरी आल्यावर पाळकसाहेबांना फोन लावायला घेतला. चार आकडे फिरवले आणि ठेवला. हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

संध्याकाळी गुडघ्यावर बसले. भाकरीच्या ओळीपाशी आले आणि अडले. आजची मागायची तर दिवस संपला होता. दुपारी माणसं जेवली असतील तर जेवली, उपाशी राहिली असतील तर राहिली, माझ्या मागण्याने आता त्यात काही बदलणार नव्हतं. उद्या तिथे जाऊन विचारता येईल. आज काहीच करता येत नव्हतं. बराच वेळ तशीच बसले, गुडघे दुखेपर्यंत.

मग आभार मानले. किती भाकऱ्या झाल्या ते माहीत नसताना. असं याआधी मी कधी केलेलं नाही.

गजर लावलेला नाही. जाग येईलच, पण लावलेला नाही.